सिरिलने नेमलेला साहेब

आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी तोंड घालायला नको. एड्रियनला सिरिलने निवडलं नाही. कौन्सिलच्या पत्रकात तसं छापलंय, सिरिलचा टाय घातलेला फोटो आहे, खाली नावही आहे. पाहिलंय मी ते. पण निवड झाली त्या खोलीत मी सिरिलच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मला तोंड उघडायची परवानगी नव्हती, त्यामुळे डोळे आणि कान चांगले उघडे होते.

मी नोरीन. अल्मा स्ट्रीटवरच्या चौदा नंबरच्या घरात सतरा वर्षं मदतनीस आहे. घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं. राहणारे तिघे: सिरिल, मेव्हिस आणि लेनर्ड. तिघांनाही लहानपणी कुणीतरी 'मंदबुद्धी' असा शिक्का मारला आणि मग उभा जन्म त्या शिक्क्यावर काढायला लावला. आता तो शब्द कुणी उच्चारत नाही. आता कौन्सिलच्या कागदात त्यांना लाभार्थी म्हणतात. काय लाभ झाला ते तुम्हीच ठरवा.

सिरिल एन्टविसल इथलाच. त्याची आई गिरणीत मागावर होती. बाप लवकर गेला, आईची छाती कापसाच्या धुळीने भरली, आणि नऊ वर्षांच्या सिरिलला दोन माणसं मोटारीतून डोंगरावरच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. त्याला सांगितलं की फिरायला जायचंय. ते फिरणं बत्तीस वर्षं चाललं. एका खोलीत चाळीस खाटा, सगळ्यांचे कपडे एकाच ढिगातले, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. चहा दिवसातून तीनदा भल्यामोठ्या पिंपातून यायचा, दूध-साखर आधीच घालून. स्वयंपाकघर सिरिलने बत्तीस वर्षांत एकदाही आतून पाहिलं नाही. त्याचं कुलूप मात्र रोज पाहिलं.

हॉस्पिटल बंद झालं तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. तो आणि मी एकाच आठवड्यात या घरात आलो. पहिल्या दिवशी आमच्या घरप्रमुख शीलाने त्याला विचारलं, "साखर किती घेतोस?" तो नुसता बघत राहिला. मला वाटलं ऐकू येत नाही. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला ठाऊक नाही." मग शीलाने ओळीने पाच कप मांडले. एकात काहीच नाही, दुसऱ्यात एक चमचा, असं करत चारपर्यंत. सिरिलने पाचही चाखले आणि बिनसाखरेचा उचलला. म्हणजे बत्तीस वर्षं तो माणूस नावडता चहा पीत होता आणि कुणी विचारलं नाही म्हणून त्यालाही पत्ता नव्हता. मला त्या दिवशी इतका संताप आला की परसात जाऊन मी कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली. अजूनही माझ्या अंगठ्याचं नख वाकडं आहे.

तेव्हापासून घरातला चहा सिरिलचा. त्याला वाचता येत नाही, पण मेव्हिसला दोन चमचे आणि बिस्किट वेगळ्या बशीत, लेनर्डला आधी दूध मग चहा, हे त्याच्या डोक्यात पक्कं. लेनर्ड बोलत नाही. उलट क्रमाने ओतलं तर कप फक्त दूर सारतो. सिरिलचे हात थोडे थरथरतात, म्हणून किटली दोन्ही हातांनी धरतो आणि शांतपणे ओततो. पोस्टमनला चहा, खिडक्या पुसणाऱ्याला चहा. मीटर बघायला आलेल्या माणसाला नको असला तरी चहा. "बस रे, पाणी ठेवलंय," म्हणतो. सिरिल सगळ्यांना अरे-तुरे करतो, एकदा महापौर आल्या होत्या त्यांनासुद्धा. त्यांनीही निमूट प्यायला.

आणि मग शीला निवृत्त झाली. मुलीकडे वेल्सला गेली. नवीन घरप्रमुख हवा, म्हणून कौन्सिलची फिलिपा आमच्याकडे आली. फिलिपा म्हणजे सहभाग अधिकारी. तिशीची असेल, स्वभावाने गोड, इतकी गोड की दात ठणकतात. म्हणाली, "आता धोरण बदललंय. घर चालवणाऱ्यांची निवड घरात राहणाऱ्यांनीच करायची. सिरिल, तुम्ही आमच्या निवड समितीवर याल का?"

सिरिल माझ्याकडे बघायला लागला. त्याला जायचं नव्हतं. स्पष्ट म्हणाला, "मला नाही जमायचं, नोरीन. तिथं सगळे टायवाले असतात."

"तूही घाल टाय," मी म्हटलं. "घर कुणाचं? तुझं. मग माणूस कोण ठरवणार? तू म्हणशील तो येईल."

हे मी म्हटलं. फिलिपाने नाही, मी. हे वाक्य ज्या जिभेने बोलले ती जीभ आजही माझ्याच तोंडात आहे, काय करणार.

फिलिपाने त्याला एक जाड कागद दिला. त्यावर दोन हसरी माणसं हस्तांदोलन करताहेत असं चित्र आणि खाली त्याचा प्रश्न: 'आमच्या आवडीनिवडींचा तुम्ही आदर कसा कराल?' आम्ही पंधरा दिवस तो पाठ केला. भांडी घासताना, बसथांब्यावर, कपडे वाळत घालताना. तो प्रश्न त्याला पाठ झाला, पण पटला नाही.

"याला काय उत्तर देणार कुणी?" तो म्हणाला. "सगळेच म्हणणार, करीन म्हणून."

"मग तुला काय विचारायचंय?"

त्याला विचार करावाच लागला नाही. "स्वयंपाकघराला कुलूप लावणार का?"

त्याला ठाऊक होतं ना. कौन्सिलच्या दुसऱ्या घरांत लावतात. त्याचा हॉस्पिटलातला दोस्त नदीपलीकडच्या घरात राहतो, तिथं दाराला आकड्यांचं कुलूप आहे आणि चहा वेळेवर मिळतो. वेळेवर म्हणजे त्यांच्या वेळेवर. त्याच्याकडे जाऊन आला की सिरिल दोन दिवस गप्प असायचा.

मी फिलिपाला फोन करून सांगितलं की त्याला हा प्रश्न विचारायचाय. ती म्हणाली, सर्वांना समान प्रश्न असावेत, नाहीतर भेदभाव होतो. मी म्हटलं, तो सर्वांना समानच विचारेल, काळजी नको. शेवटी ती म्हणाली, बरं, वेळ उरला तर.

मुलाखती कौन्सिलच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मंगळवारी सकाळी. समितीत तिघं: विभागाचे साहेब मिस्टर हॅलम, नोकरभरतीची एक बाई, आणि फिलिपा. शिवाय चौथा सिरिल. मी 'सोबती' म्हणून. हॅलमसाहेबांनी मला आधीच बजावलं की सोबत्याने सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. माझ्या चेहऱ्याला असली सवय नाही, पण मी प्रयत्न केला.

त्या तिघांपुढे गुण लिहायचे छापील तक्ते होते. सिरिलपुढे प्रत्येक उमेदवारासाठी एक कागद, आणि त्यावर तीन तोंडं: हसरं, मख्ख आणि रडकं. जे पटेल त्याला गोल करायचा. सिरिलने पेन्सिल हातात घेतली आणि टायची गाठ सारखी केली. इतका ताठ बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. देवाशप्पथ, मला अभिमान वाटला.

पहिली आली पॉलीन. पन्नाशीची, पावसात भिजलेली, वाईट छत्रीची. तिने वीस वर्षं म्हाताऱ्यांच्या घरांत काम केलेलं. हॅलमसाहेबांच्या अंदाजपत्रकाच्या प्रश्नावर ती अडखळली. कायद्याचं नाव चुकली. मग सिरिलने आपला पाठ केलेला प्रश्न विचारला, ती म्हणाली, "करीन की." सिरिलने माझ्याकडे असं बघितलं, की बघ, सांगितलं नव्हतं? मग त्याने आपला प्रश्न विचारला.

"स्वयंपाकघराला कुलूप लावशील?"

पॉलीन हसली. "कुलूप? अरे बाबा, मी घरची किल्ली आठवड्याला एकदा हरवते. उपाशी मराल सगळे." मग गंभीर झाली. म्हणाली, "का रे, कुणी लावलं होतं का?"

सिरिलने मान हलवली आणि 'डोंगरावर' एवढंच म्हणाला. ती इथलीच, तिला कळलं. "नाही लावणार," ती म्हणाली. सिरिलने हसऱ्या तोंडाला गोल केला.

दुसरा आला एड्रियन. नीटनेटका, कोरडा, चांगल्या छत्रीचा. हे सांगायला हवं की माणूस वाईट नाही. बोलतो छान, कागद स्वच्छ ठेवतो, अंदाजपत्रक तोंडपाठ. हॅलमसाहेब दर वाक्याला मान डोलवत होते. सिरिलचा पाठ केलेला प्रश्न आल्यावर तो पाच मिनिटं बोलला. मग सिरिलने कुलपाचं विचारलं.

"फार महत्त्वाचा प्रश्न आहे हा," एड्रियन म्हणाला. "सुरक्षितता आणि स्वातंत्र्य या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. प्रत्येक धोक्याचा अभ्यास करून..."

"लावशील की नाही?"

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे, सिरिल."

"म्हणजे लावणार," सिरिल म्हणाला.

हॅलमसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, आता पुढे जाऊ या. सिरिलने रडक्या तोंडाला गोल केला. मग त्याच्यावर आणखी एक, आणखी एक, कागद फाटेपर्यंत. फिलिपाने गोड हसून त्याच्या हातातून पेन्सिल सोडवली.

परतताना बसमध्ये तो वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसला. "मी काम केलं ना आज?" त्याने दोनदा विचारलं. केलंस, मी म्हटलं. घरी आल्या आल्या त्याने पाणी ठेवलं, सगळ्यांना चहा दिला आणि मेव्हिसला सांगितलं, "पॉलीन येणार आहे. ती कुलूप लावत नाही." लेनर्डलाही सांगितलं. पोस्टमनलाही सांगितलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. एड्रियन.

मी फिलिपाला फोन लावला. म्हटलं, काहीतरी गोंधळ झालाय. ती म्हणाली, काही गोंधळ नाही, सगळं नियमाप्रमाणे झालंय. मी म्हटलं, मग मला नियम सांग. तिने सांगितला. समितीतल्या तिघांचे प्रत्येकी वीस गुण, मिळून साठ. सिरिलच्या तोंडांचे गुण असे: हसरं तीन, मख्ख दोन, रडकं एक. एड्रियनला त्या तिघांनी मिळून बावन्न दिले, सिरिलचा एक, त्रेपन्न. पॉलीनला एकेचाळीस आणि तीन, चव्वेचाळीस.

मी मग म्हटलं, "म्हणजे त्याने कागद फाडला काय आणि खाल्ला काय, सारखंच?"

"असं नाही म्हणता येणार, नोरीन. त्यांच्या उपस्थितीमुळे चर्चेला वेगळी खोली आली. आणि त्यांना किती मजा आली, तू पाहिलंस ना?"

"मजा?" मी म्हटलं. "अगं बाई, तो जत्रेला नव्हता आला." आणि फोन आपटला. मानाचं पान वाढून तोंडाला पानं कशी पुसतात ते मी त्या दिवशी शिकले.

सिरिलला मीच सांगितलं. तो म्हणाला, "पण मी रडकं तोंड दिलं होतं."

"हो रे."

"त्यांना दिसलं नसेल."

"दिसलं."

तो उठला, किटली भरली, आणि पाणी उकळेपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला.

एड्रियन पहिल्या दिवशी केक घेऊन आला. आमची तिन्ही माणसं आणि मी टेबलाभोवती बसलो. त्याने कौन्सिलचं ते पत्रक सोबत आणलं होतं, सगळ्या घरांना वाटलेलं. वर सिरिलचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: 'सिरिलने निवडला आपला घरप्रमुख!' एड्रियनने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि सिरिलच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या विश्वासाबद्दल आभार. मी इथं आहे तो तुमच्यामुळे."

"मी तुला रडकं तोंड दिलं होतं," सिरिल म्हणाला.

एड्रियन हसला. "तुम्ही विनोदी आहात हे मला सांगितलं होतं कुणीतरी." बैठकीच्या टिपणात नंतर मी वाचलं: 'सिरिल यांनी विनोद करून वातावरण हलकं केलं.' माझ्या डोक्यात असं काही गेलं की मी ते टिपण पुन्हा वाचलं, न जाणो माझीच चूक असेल. नव्हती. एड्रियनने ते पत्रक दिवाणखान्यात लावलं, टीव्हीच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असं.

तीन आठवडे बरे गेले. मग लेनर्डच्या हातून गरम कप निसटला, मांडीवर थोडं सांडलं. फोड नाही, काही नाही, थंड पाण्याचा टॉवेल ठेवला, संपलं. सतरा वर्षांत असं चारदा झालं असेल. पण एड्रियनने फॉर्म भरला. फॉर्म वर गेला, वरून प्रश्न आला की धोका कमी करण्यासाठी काय उपाय केले? आणि एका गुरुवारी सुतार येऊन स्वयंपाकघराच्या दाराला आकड्यांचं कुलूप लावून गेला. चहा आता अकराला, चारला आणि सातला, मदतनिसाच्या हातून.

सिरिलने दोन दिवस लांबून माझ्या बोटांकडे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दार उघडून आत गेला. आकडे त्याला वाचता येत नाहीत, पण जागा लक्षात राहतात. वर, मध्ये, मध्ये, खाली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. त्याने चहा केला, लेनर्डला आधी दूध घालून दिला. एड्रियनला कळलं तेव्हा त्याने आकडे बदलले आणि सिरिलच्या फायलीत लिहिलं: 'नियम मोडण्याकडे कल.' अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या फायलीत, स्वतःच्या घरात चहा केला म्हणून. आणि मला एक लेखी ताकीद.

मी तक्रार केली. चार पानं, दोन्ही बाजूंनी. दीड महिन्याने उत्तर आलं: घरप्रमुखाची नेमणूक लाभार्थींच्या सक्रिय सहभागाने झालेली असल्यामुळे त्यांच्या कारभाराविषयी लाभार्थींची नाराजी असेल असं मानायला आधार नाही. मी ते चारदा वाचलं. सिरिल समितीवर बसला नसता, तर निदान तक्रारीला जागा तरी राहिली असती. त्याला नेलं आणि तेही दार बंद केलं. मीच नेलं.

पण यापेक्षा वाईट घरात घडत होतं. मेव्हिसला दुपारी तीनला टीव्हीवर तिचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम असतो आणि त्याच्याबरोबर चहा हवा असतो. इतक्या वर्षांची सवय. आता तीनला चहा नाही. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, दार ढकललं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सिरिलने आणलाय ह्याला. फोटो आहे तिथं." मी सांगितलं की तसं नाही. ती म्हणाली, "एड्रियनने वाचून दाखवलं. तू ऐकलंस." आणि सिरिलला म्हणाली, "तू पॉलीन म्हणाला होतास. खोटारडा."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. मेव्हिस बोलत नाही म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं नाही. ती सकाळपासून बोलत असते, हवा, गुडघा, शेजारीण, राणीची टोपी. ते सगळं सिरिलच्या कानावर पडायचं थांबलं. लेनर्डचं तर आणखी कठीण. तो रोज तीन वाजता रिकामा कप घेऊन सिरिलसमोर उभा राहायचा आणि कप पुढे करायचा. सिरिल म्हणायचा, "नाही रे जमत, लेनर्ड." लेनर्ड तसाच उभा. पुन्हा कप पुढे. त्याला कुलूप कळत होतं की नाही कोण जाणे. चहा सिरिल देतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

सिरिल तीनच्या सुमाराला खोलीत जाऊन बसायला लागला. दार लावून. मी चार वेळा त्या पत्रकाकडे हात नेला. पाचव्या वेळी काढून चुरगळलं. दुसऱ्या दिवशी एड्रियनने नवीन प्रत लावली, प्लॅस्टिकमध्ये घालून. त्याच्याकडे गठ्ठा होता.

ऑक्टोबरात फिलिपा आली. हातात चौकट घातलेलं प्रमाणपत्र, सिरिलच्या नावाचं, आणि तोंडभर हसू. दुपारचे तीन वाजत आले होते. मेव्हिस टीव्हीसमोर होती, लेनर्ड कप घेऊन दाराशी. मी सिरिलला खोलीतून बोलावून आणलं. एड्रियन कसल्याशा प्रशिक्षणाला गेला होता, धोके ओळखण्याच्या.

"सिरिल, तुम्ही इतकं छान काम केलंत," फिलिपा म्हणाली, "की आता दुसऱ्या एका घरासाठीही तुम्ही समितीवर यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. तुमच्यासारखा अनुभवी माणूस आमच्याकडे दुसरा नाही."

सिरिलने प्रमाणपत्र घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. "त्या घरातली माणसं मला ओळखतात?"

"नाही, पण ओळख होईल."

"मी नाही आलो तर साहेब कोण निवडणार?"

"समिती निवडेल. मिस्टर हॅलम, आम्ही सगळे."

"आणि मी आलो तर?"

"तेव्हाही समितीच. तुमच्यासह."

सिरिलने मान हलवली, जणू हिशेब जुळला. "मग मी नाही येत," तो म्हणाला. "तुम्ही निवडा आणि तुमचंच नाव सांगा. त्या लोकांनी मग तुमच्याशी बोलणं बंद करायचं."

फिलिपाचं हसू तसंच राहिलं, पण खालून काहीतरी निघून गेल्यासारखं. मला म्हणाली, "ते कुणाबद्दल बोलताहेत?" मी तोंड उघडणार इतक्यात मेव्हिसने टीव्हीचा आवाज बंद केला. ती कार्यक्रमाच्या वेळी कधीच आवाज बंद करत नाही.

"एड्रियनला याने नाही आणलं?" तिने फिलिपाला विचारलं.

त्या दिवशी सुचवायला, मान हलवायला मला कुणी बंदी केली नव्हती, तरी मी गप्प बसले. हे तिच्याच तोंडून यायला हवं होतं.

"म्हणजे," फिलिपा म्हणाली, "सिरिलचा सहभाग होता..."

"आणला की नाही आणला?"

"नाही," फिलिपा हळू म्हणाली. "त्यांना दुसऱ्या बाई हव्या होत्या."

मेव्हिसने रिमोट खाली ठेवला. "मग तुम्ही आणलात. मग तूच हे कुलूप काढ."

"ते माझ्या हातात नाही, मेव्हिस."

"एड्रियनच्या हातात आहे?"

"त्यांनाही वरून विचारावं लागेल."

"मग कुणाच्या हातात आहे?"

फिलिपा माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? मलाही ताकीद मिळालेली. तिने बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली की तिला पुढच्या घरी पोचायचंय. जाताना प्रमाणपत्र टेबलावरच राहिलं. कुलूप आजही दारावर आहे, पत्रकही आहे. पुढच्या महिन्याच्या टिपणात लिहिलं होतं, 'सिरिल यांनी या वेळी सहभाग नाकारला.'

पण त्या दुपारी फिलिपा गेल्यावर मेव्हिस सोफ्यावर एका बाजूला सरकली.

"बस रे सिरिल," ती म्हणाली. "चारला मिळेल चहा. तोवर हे बघ, हा बाबा सगळी उत्तरं चुकतोय."